विमा कंपनीची सॉल्व्हन्सी घरबसल्या एक्सेलमध्ये कशी तपासायची (आणि १५०% बघून का थांबायचं नाही)

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला, "दादा, टर्म प्लॅन घ्यायचाय, एका कंपनीचा सॉल्व्हन्सी रेशो १८० आहे आणि दुसरीचा २१०, मग २१० वालीच घेऊ ना?" मी म्हटलं अरे बाबा, सॉल्व्हन्सी म्हणजे सगळी देणी भागवून कंपनीकडे पुरेसा पैसा उरतो का याचं माप, पण हा आकडा म्हणजे टेप लावून मोजलेलं फ्लॅटचं क्षेत्रफळ नाही, यात वर कंपनीने स्वतःच्या देण्यांचा स्वतःच लावलेला अंदाज बसलाय आणि खाली एक सरकारी ठोकताळा, आणि तो वरचा अंदाज जरा हलला की अख्खा रेशो गडगडतो. तो म्हणे, "मग बघायचं काय?" फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच, म्हणून इथे लिहितोय. बारावीपर्यंतचं गणित आणि एक्सेल एवढं पुरेल.

आधी रेशो निघतो कसा ते. आपल्याकडे आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, किमान १५०% ठेवलाय. वर असतं उपलब्ध मार्जिन, म्हणजे एएसएम: कंपनीची मालमत्ता, त्यातून न चालणाऱ्या गोष्टी वजा (फर्निचर, स्टेशनरी, एजंटांकडे अडकलेली जुनी बाकी वगैरे, कारण कंपनी बुडाली तर खुर्च्या विकून कोणाचे क्लेम भागणार), आणि त्यातून देणी वजा. खाली असतं आवश्यक मार्जिन, म्हणजे आरएसएम. जनरल इन्शुरन्समध्ये ढोबळमानाने निव्वळ प्रीमियमचे २०% किंवा निव्वळ क्लेमचे ३०%, यातलं जे जास्त ते. रीइन्शुरन्सचे (कंपनी स्वतःच्या जोखमीचा दुसरीकडे काढते त्या विम्याचे) फॅक्टर मी इथे सोडलेत, नाहीतर दोन पानं त्यातच जातील.

एक खोटी कंपनी घेऊ. निव्वळ प्रीमियम १,००० कोटी, वर्षाचे क्लेम ७५० कोटी. २०% म्हणजे २००, ३०% म्हणजे २२५, म्हणून आरएसएम २२५. मालमत्ता २,००० कोटी, न चालणारी ६० कोटी, देणी १,५६० कोटी. एएसएम आले ३८०. ३८० भागिले २२५ म्हणजे १६९%. झकास, पास.

आता त्या १,५६० पैकी १,००० कोटी हे क्लेमचे रिझर्व्ह, म्हणजे अजून द्यायच्या क्लेमसाठी बाजूला काढलेले पैसे, आहेत असं धरा, आणि समजा ते ८% ने कमी लावलेत. मुद्दाम नाही, असंच, क्लेम पुढे जाऊन थोडे महागात पडले एवढंच. ८० कोटी देणी वाढली, एएसएम ३०० वर आलं. पण गंमत इथेच संपत नाही, ते ८० कोटी या वर्षाच्या क्लेममध्येही जातात, ७५० चे ८३० होतात, त्याचे ३०% म्हणजे २४९. वरचा आकडा खाली आला आणि खालचा वर गेला. ३०० भागिले २४९, १२०%. रिझर्व्हमधली ८% ची चूक आणि रेशो १६९ वरून १२०! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं आहे हे, म्हणून मी रेशो शेवटी बघतो, आधी देणी कशी मोजलीत ते बघतो.

जनरल इन्शुरन्सची देणी

यात दोन मोठे तुकडे. पहिला सोपा, यूपीआर, म्हणजे हप्ता घेतलाय पण मुदत अजून संपलेली नाही तो भाग. १ जानेवारीला १२,००० ची पॉलिसी घेतली तर ३१ मार्चला ९० दिवस संपले, २७५ उरले, १२,००० × २७५ ÷ ३६५ म्हणजे ९,०४१ रुपये अजून कंपनीचे नाहीतच. दिवसाच्या हिशोबाने जमतं, यात वाद नाही.

दुसरा तुकडा म्हणजे क्लेम रिझर्व्ह, आणि खरी मारामारी इथे. काही क्लेम आलेत पण पैसे दिलेले नाहीत. काही अपघात होऊन गेलेत पण कंपनीला अजून पत्ताच नाही, त्याला आयबीएनआर म्हणतात. ज्या गोष्टीची खबरच नाही तिचे पैसे बाजूला कसे काढायचे? तर आधीची वर्षं कशी वाढत गेली ते बघायचं. याला चेन लॅडर म्हणतात आणि त्यासाठी असा ट्रँगल मांडायचा. डावीकडे अपघाताचं वर्ष, पुढे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षाअखेर एकूण दिलेले पैसे, लाखांत (आकडे माझे, समजायला घेतलेले):

२०२१: १००, १५०, १८०, १८९
२०२२: ११०, १६५, १९८
२०२३: १२०, १८६
२०२४: १३०

आता रकान्यारकान्याने पुढे जायचं. पहिल्या वर्षाकडून दुसऱ्याकडे: (१५० + १६५ + १८६) ÷ (१०० + ११० + १२०) = ५०१ ÷ ३३० = १.५१८. २०२४ चे १३० इथे घ्यायचे नाहीत हं, त्याचं दुसरं वर्ष अजून आलंच नाही, नवशिक्याची नव्वद टक्के वेळा हीच चूक असते. पुढचा फॅक्टर ३७८ ÷ ३१५ = १.२, त्यापुढचा १८९ ÷ १८० = १.०५.

मग प्रत्येक वर्षाचा शेवटचा आकडा उरलेल्या फॅक्टरांनी गुणायचा. २०२२ चे १९८ × १.०५ = २०७.९. २०२३ चे १८६ × १.२ × १.०५ = २३४.४. २०२४ चे १३० × १.५१८ × १.२ × १.०५ = २४८.७. त्यातून आतापर्यंत दिलेले वजा करा: ९.९, ४८.४ आणि ११८.७, एकूण १७७ लाख. हे झालं रिझर्व्ह. यातले समजा १२० लाख माहीत असलेल्या क्लेमवर लावलेले असतील तर वरचे ५७ लाख आयबीएनआर.

एवढं एक्सेल दहा मिनिटांत करतं. डोकं लागतं ते पुढे. २०२३ ची ओळ नीट बघा. बाकी दोन वर्षं १०० ची १५० आणि ११० ची १६५ झाली, म्हणजे बरोब्बर दीडपट, आणि २०२३ मात्र १२० ची १८६, म्हणजे १.५५ पट. का?

मी नवीन असताना असाच एक ट्रँगल घेऊन आमच्या मॅडमकडे गेलो होतो, शेवटच्या कर्णावर, म्हणजे प्रत्येक ओळीच्या ताज्या आकड्यात, सगळे आकडे फुगलेले, आणि मी छाती काढून सांगितलं की क्लेम बिघडतायत, रिझर्व्ह वाढवायला लागेल. मॅडमनी शीट बघितली, चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं, "क्लेमवाल्यांना फोन केलास का?" नव्हता केला. खाली जाऊन विचारलं तर कळलं की मार्चएंडच्या आधी त्यांनी जुनी पेंडिंग धडाधड निकाली काढली होती, म्हणजे क्लेम वाढले नव्हते, लवकर दिले गेले होते. पुढे जायचेच होते ते पैसे, आधी गेले. मी फॅक्टर तसाच लावला असता तर तेच क्लेम दोनदा मोजले असते. तेव्हापासून ट्रँगल हातात आला की आधी फोन आणि मग फॉर्म्युला.

उलटंही होतं. मोटर थर्ड पार्टी घ्या, सगळ्यात लांब शेपटीचा धंदा, केस ट्रिब्युनलमध्ये वर्षानुवर्षं चालते, चार रकान्यांचा ट्रँगल तिथे काहीच नाही. त्यात २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. म्हणजे त्याआधीचे अपघात आणि नंतरचे अपघात यांचे क्लेम कळण्याचा वेगच वेगळा असणार, मग जुन्या ओळींचा फॅक्टर नव्या ओळींना जसाच्या तसा कसा लावायचा? चेन लॅडरला कायदा कळत नाही, तो आपणच बघायचा.

शेवटच्या वर्षावर चेन लॅडर तसाही डळमळतो, १३० च्या जागी योगायोगाने ११० आले असते तर अख्खं वर्ष स्वस्त दिसलं असतं. म्हणून तिथे बोर्नह्युएटर-फर्ग्युसन वापरतात, १९७२ सालची पद्धत आहे, नाव अवघड पण काम सोपं. प्रीमियम किती आला ते बघा, समजा ३२० लाख. या धंद्यात साधारण ७५% क्लेम जातात असं आधीपासून धरलंय, म्हणजे २४० लाख. फॅक्टरांचा गुणाकार १.९१३, म्हणजे पहिल्या वर्षात १ ÷ १.९१३ = ५२.३% पैसे जातात आणि ४७.७% उरतात. २४० × ४७.७% = ११४.५ लाख. चेन लॅडर म्हणतो ११८.७, ही पद्धत म्हणते ११४.५, जवळपास आहेत, ठीक. दोघांत फार तफावत आली तर समजायचं कुठेतरी पाणी मुरतंय.

लाइफ इन्शुरन्सची देणी

इथे ट्रँगल नाही, इथे भविष्यातले सगळे पैसे आजच्या किमतीत आणायचे. पद्धतीचं नाव ग्रॉस प्रीमियम व्हॅल्युएशन. पुढे जाणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा पुढे येणाऱ्या हप्त्यांची आजची किंमत, उरलं ते रिझर्व्ह. बस.

१,००० माणसं घ्या, प्रत्येकी १० लाखाचा टर्म, तीन वर्षं उरलीत, हप्ता वर्षाला २,५०० रुपये वर्षाच्या सुरुवातीला. तीन वर्षांत २, ३ आणि ४ मृत्यू धरू, पैसे वर्षाअखेर. व्याज ६%. खर्च आणि लॅप्स (लोक मध्येच हप्ता थांबवतात ते) तूर्त सोडा.

जाणारे: २० लाख ÷ १.०६ = १८.८७, ३० ÷ १.१२३६ = २६.७०, ४० ÷ १.१९१ = ३३.५८, एकूण ७९.१५ लाख. येणारे: पहिले २५ लाख, मग ९९८ माणसांचे २४.९५ आणि ९९५ माणसांचे २४.८८, व्याजाने खाली आणून एकूण ७०.६८ लाख. रिझर्व्ह ८.४८ लाख. हप्ता सगळी वर्षं सारखाच आणि मरणाची शक्यता वयाबरोबर वाढते, म्हणून सुरुवातीला जास्त घेतलेले पैसे शेवटासाठी जपून ठेवावे लागतात, रिझर्व्ह म्हणजे तेच.

आता मृत्यू १०% जास्त धरा. जाणारे ८७.०७ लाख होतात, येणारे तेवढेच धरले तर रिझर्व्ह १६.३९ लाख. परत वाचा, मृत्यूदरात १०% फरक आणि रिझर्व्ह जवळजवळ दुप्पट! दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी असली की असंच होतं. म्हणूनच नुसता बेस्ट एस्टिमेट घेत नाहीत, त्यावर थोडी गादी ठेवतात, तिला मॅड म्हणतात (हसू नका, वाईट परिस्थितीसाठीचं मार्जिन असा अर्थ आहे). मृत्यूदर अर्थातच मनाने घ्यायचा नाही, इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीजचा २०१२-१४ चा भारतीय टेबल आहे, कंपन्या त्याचे अमुक टक्के असं स्वतःच्या अनुभवावरून लावतात.

व्याज ६ ऐवजी ५% धरलं तर हेच रिझर्व्ह ९.४९ लाख, म्हणजे लाखभराचाच फरक. तीन वर्षांत व्याजाला खेळायला जागा कुठे. पण गॅरंटीड प्लॅन घ्या, ३० वर्षांनी १ लाख नक्की देणार असं लिहून दिलंय. ७% ने त्याची आजची किंमत १३,१३७ आणि ६% ने १७,४११. एका टक्क्याने देणं एक तृतीयांशाने वाढलं. टर्ममध्ये मृत्यूदर बघा, गॅरंटीडमध्ये व्याज बघा, हे डोक्यात पक्कं ठेवा.

आणि दिलेला शब्द फुकट समजून मोजायचाच राहिला तर काय होतं याचं उदाहरण इंग्लंडात आहे. इक्विटेबल लाइफ, १७६२ ची कंपनी, तिने अनेक वर्षं पेन्शनच्या पॉलिसीत ठराविक ॲन्युइटी दराची (जमलेल्या पैशावर दरवर्षी किती पेन्शन मिळणार त्या दराची) गॅरंटी दिली होती. व्याजदर वर होते तोवर ती गॅरंटी कोणाला लागलीच नाही. दर पडले, लोक आयुष्यही जास्त जगायला लागले आणि गॅरंटी सोन्याची झाली. कंपनीने बोनस कमी करून भागवायचा प्रयत्न केला, जुलै २००० मध्ये तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय) ते चालणार नाही सांगितलं आणि डिसेंबरमध्ये नवीन धंदा बंद. अडीचशे वर्षांच्या आसपासची गंगाजळी आणि अडकली कशात, तर एका कलमात.

एक छोटी गोष्ट, रिझर्व्ह काढताना काही पॉलिसींचं उत्तर उणे येतं, म्हणजे पुढे येणारे हप्ते जास्त. ती मालमत्ता म्हणून मोजायची नाही, शून्य धरायची, कारण उद्या ग्राहक हप्ता भरायचा थांबला तर ते पैसे येणारच नाहीत.

भांडवल पुरेसं आहे का, हे कसं बघायचं

लाइफमध्ये आरएसएमचा ठोकताळा साधारण असा: नॉन-लिंक्ड धंद्यावर (युलिप सोडून बाकी) रिझर्व्हचे ३% अधिक जोखमीच्या रकमेचे ०.३%. आपल्या १,००० माणसांची जोखीम १०० कोटी, त्याचे ०.३% म्हणजे ३० लाख, आणि रिझर्व्हचे ३% म्हणजे पाव लाख, चिल्लर.

आता युरोपवाले कसं बघतात ते लावून बघू. १ जानेवारी २०१६ पासून त्यांच्याकडे सॉल्व्हन्सी टू आहे, त्यात प्रश्न असा की पुढच्या एका वर्षात २०० पैकी १९९ वेळा कंपनी तग धरेल एवढं भांडवल आहे का, म्हणजे ९९.५%. आपल्याकडे पहिल्या वर्षी सरासरी २ मृत्यू. एक्सेलच्या पॉइसन फंक्शनमध्ये सरासरी २ टाका आणि आकडा वाढवत जा: ५ पर्यंत मृत्यू होण्याची शक्यता ९८.३%, ६ पर्यंत ९९.५५%. म्हणजे ६ मृत्यूंची तयारी हवी, सरासरीपेक्षा ४ जास्त, ४० लाख. ठोकताळा म्हणतो ३० लाख. कमी पडला, १५०% धरले तर ४५, कसाबसा पुरला.

आता हेच १ लाख माणसांवर करा. सरासरी २०० मृत्यू, प्रमाण विचलन २०० चं वर्गमूळ म्हणजे १४.१, त्याला ९९.५% साठीच्या २.५८ ने गुणलं की ३६ च्या आसपास. जादा ३६ मृत्यू म्हणजे ३.६ कोटी, आणि ठोकताळा मागतो ३० कोटी! एकच ०.३%, छोट्याला तोकडा आणि मोठ्याला ढगळ. (छोट्या कंपनीसाठी कायद्यात सोय आहे, आरएसएम किमान भांडवलाच्या निम्म्याहून खाली जात नाही, म्हणजे ५० कोटी.) अर्थात यात कोविडसारखं संकट नाही, तेव्हा सगळ्यांची जोखीम एकदम वाढते आणि पॉइसन कोलमडतो, तो धक्का वेगळा लावायचा, उदाहरणार्थ सगळे मृत्यूदर सरसकट दीडपट करून.

मी स्वतः तीन धक्के लावतो: मृत्यू किंवा क्लेम १०% जास्त, व्याज १% कमी, शेअरबाजार ३०% खाली. प्रत्येक वेळी एएसएम परत काढायचं. व्याजाच्या बाबतीत एक खाच आहे, आपल्याकडे नॉन-लिंक्ड फंडातले सरकारी रोखे बाजारभावाने नाही तर अमोर्टाइज्ड कॉस्टने, म्हणजे खरेदीच्या किमतीवर आधारलेल्या हिशोबाने, पुस्तकात असतात, त्यामुळे व्याज पडलं की बाँडचा भाव खरं तर वाढतो पण पुस्तकात दिसत नाही आणि देणी मात्र वाढवावी लागतात. कागदावरचा रेशो त्यामुळे खऱ्यापेक्षा वाईट दिसू शकतो, आणि व्याज चढलं की उलटं, म्हणजे खऱ्यापेक्षा चांगला.

आणि १५०% च्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी टाळं लागतं असंही नाही. सरकारी जनरल कंपन्यांपैकी नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तिघी कित्येक वर्षं खाली आहेत, केंद्राने २०१९-२० ते २०२१-२२ मध्ये त्यांच्यात १७,४५० कोटी घातले. मालक सरकार असेल तर सॉल्व्हन्सीत न दिसणारं एक भांडवल मागे उभं असतं, खासगी कंपनीत ते प्रमोटरच्या खिशावर.

हे आकडे मिळतात कुठे

कंपनीच्या वेबसाइटवर अगदी तळाशी, बारीक अक्षरात, पब्लिक डिस्क्लोजर. दर तिमाहीला टाकावंच लागतं. लाइफ कंपनीत एल-३२ मध्ये सॉल्व्हन्सी आणि एल-४२ मध्ये व्हॅल्युएशनची गृहीतकं, म्हणजे व्याज, मृत्यूदर, खर्च, लॅप्स. सगळेजण एल-३२ उघडतात आणि खूश होऊन बंद करतात. मी एल-४२ आधी उघडतो. दोन कंपन्यांच्या एल-४२ शेजारी ठेवा, एकाच प्रकारच्या प्लॅनला एकीने ६% धरलंय आणि दुसरीने ७% तर दुसरीचा रेशो आपोआप गुटगुटीत दिसणार, वरचं ३० वर्षांचं गणित आठवा. मागच्या वर्षीचा फॉर्मही काढा, गृहीतक मध्येच सैल केलं असेल आणि त्याच तिमाहीत रेशो सुधारला असेल तर काय ते समजून घ्या.

परवा भावाचा मेसेज आला, दोन्ही कंपन्यांच्या एल-४२ चे स्क्रीनशॉट आणि खाली, "दादा, व्याजाचे दोन दोन आकडे आहेत, कुठला घेऊ?" ते किमान आणि कमाल असतात, प्रत्येक धंद्यासाठी एक पट्टा देतात. दोन्ही घ्यायचे आणि दोनदा गणित करायचं, हेच त्याला लिहिलं. २१० वालीचा पट्टा वर होता.